पार्श्वभूमी : तासाला चार गाणी

फिलिपिन्सच्या गाण्यांचा विषय निघाला की ‘ओपीएम’ ही तीन अक्षरे येतातच. विस्तार ‘ओरिजिनल पिलिपिनो म्युझिक’. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झालेल्या या नावातला खरा गुंता ‘ओरिजिनल’ या पहिल्या शब्दात आहे.

स्पॅनिश चर्चने शिकवलेले नोटेशन, संथ तीन मात्रांचे आणि मायनरमधून मेजरमध्ये (उदास स्वरछटेतून उजळ स्वरछटेत) शिरणारे कुंडिमान हे प्रेमगीत, मग अमेरिकन राजवट आणि जॅझ, हा जुना इतिहास. गोव्याच्या वादकांसारखेच फिलिपिनो वादकही त्या काळी आशियाभरच्या हॉटेलांत आणि बोटींवर वाजवत होते. दोघांची कमाई एकाच गुणावर चाले : दुसऱ्याचे गाणे चोख वाजवणे.

या गुणाला तिथे ‘प्लाकादो’ म्हणतात. ‘प्लाका’ म्हणजे तबकडी, आणि प्लाकादो म्हणजे तबकडीबरहुकूम. अमेरिकेच्या क्लार्क हवाई तळाजवळचे आंजेलेस आणि सुबिक नौदल तळाजवळचे ओलोंगापो या गावांतल्या क्लबांत सैनिकांना गाणे जसेच्या तसे हवे असे. एका क्लबात कंट्री, दुसऱ्यात सोल, तिसऱ्यात रॉक. कागदावर काही नसे, सगळे ‘ओइदो’, म्हणजे कानावर. सोलोचा अवघड तुकडा उतरवायचा तर टेप निम्म्या वेगाने लावायची : सूर बरोबर एक सप्तक खाली येतो, पट्टी तीच राहते आणि प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. चूक व्हायची ती शब्दांत. अर्थ न कळता नुसत्या ध्वनीवरून पाठ केलेली ओळ सैनिकांच्या कानाला लगेच खटके.

या तालमीत तयार झालेल्या वादकांनी स्वतःची गाणी केली तेव्हा ‘ओरिजिनल’ हा शब्द अभिमानाने लावला गेला. ते स्वाभाविकच होते.

1972 मध्ये लष्करी कायदा आला आणि त्या दशकाच्या मध्यावर रेडिओला फिलिपिनो गाणी वाजवण्याची सक्ती झाली. याच काळात ‘मनिला साउंड’ बहरला : हलका डिस्को ठेका आणि टागालोग (मनिला परिसरातली भाषा) व इंग्रजीची सरमिसळ, म्हणजे टॅग्लिश. ही सरमिसळ केवळ फॅशन नव्हती. ‘माहाल किता’त उच्चाराचे चार तुकडे येतात (मा-हाल-कि-ता), त्याच अर्थाच्या ‘आय लव्ह यू’त तीन. टागालोग क्रियापदाला उपसर्ग लागतो, अक्षराची द्विरुक्ती होते, शब्द लांबतो. छोट्या पॉप चालीत इंग्रजी शब्द पटकन बसतो. 1978 च्या पहिल्या मनिला महानगरी गीतस्पर्धेत मात्र शुद्ध टागालोगमधले, आईबाप आणि मुलाच्या नात्यावरचे एक गाणे अंतिम फेरीत आले. पहिला क्रमांक हुकला, तरी तेच पुढे अनेक भाषांत गेले.

कळीचा निर्णय 25 जुलै 1987 चा. राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने संगीत वाजवणाऱ्या प्रत्येक रेडिओ केंद्राला घड्याळी तासात किमान चार मूळ फिलिपिनो रचना बंधनकारक झाल्या. चार मिनिटांचे एक धरले तर सोळा मिनिटे, म्हणजे पाव तासाहून थोडे अधिक. हिशेब दर तासाचा असल्याने सगळी गाणी मध्यरात्रीनंतर ढकलून कोटा भरता येत नाही. ही तरतूद फार विचारपूर्वक केलेली आहे. दंड मात्र उल्लंघनामागे 100 पेसो आणि वर परवान्यावर टाच येण्याची शक्यता. शंभर पेसोंनी कोणते केंद्र घाबरणार?

व्याख्या त्याहून महत्त्वाची. रचनाकार फिलिपिनो असला की झाले. शब्द टागालोग, इंग्रजी किंवा अन्य कोणत्याही भाषेतले चालतात. त्यामुळे मनिलात लिहिलेली इंग्रजी प्रेमगीते कोट्यात बसली. स्थानिक गायकाने गायलेले परदेशी गाणे बसत नाही, पण जुन्या फिलिपिनो गाण्याची नवी आवृत्ती बसते. नव्या गीतकाराला जागा मिळावी असा नियम जुन्याच गाण्यांच्या पुनरावृत्तीनेही पाळला जाऊ शकतो, ही त्यातली मोठी फट. विसाया बेटांवरच्या सेबुआनो भाषेला कागदावर समान हक्क मिळाला, तरी मनिलाच्या केंद्रांवर टागालोग आणि इंग्रजीचाच वरचष्मा राहिला. विसायन पॉप गाण्यांची एक नवी स्पर्धा सेबूत 2013 मध्ये सुरू झाली. मनिलाचा हा वरचष्मा अन्यायकारक होता.

1991 मध्ये पिनातुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला, क्लार्क रिकामा झाला. 1992 मध्ये सुबिकही बंद पडला. प्लाकादो बँडांचा मोठा आधार गेला. जवळपास तेव्हाच मनिला महानगरातल्या दिलिमानच्या विद्यापीठ परिसरातला चौघांचा एक बँड आपला डेमो घेऊन फिरत होता. ‘पुरेसे पॉप नाही’ म्हणून तो नाकारला गेला. 1993 मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला आणि पुढची काही वर्षे रेडिओवर बँडच बँड होते : रोजच्या बोलीतले टागालोग, साधे कॉर्ड, विद्यार्थ्यांचे विषय. कोट्यासाठी वाजवायचे म्हणून नव्हे, लोक मागतात म्हणून वाजणारी गाणी ती हीच.

आजचे पी-पॉप (फिलिपिनो पॉप) ग्रुप या व्याख्येची नवी कसोटी पाहतात. 2018 मध्ये आलेल्या पाच जणांच्या ग्रुपची तालीम कोरियन पद्धतीची, नाचही त्याच वळणाचा. पण बहुतेक गाणी त्यांच्यातलाच एक जण लिहितो. 1987 च्या आदेशानुसार ती निःसंशय ओपीएम ठरतात. फक्त ती ऐकली जातात मुख्यतः स्ट्रीमिंगवर, आणि तिथे घड्याळी तास नसतो.