मरळ पाळताय? सोलापूरच्या घरात तिला ठणठणीत ठेवण्यासाठी

आमच्या दुकानातून स्नेकहेड, म्हणजे आपली मरळ, घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पिशवीसोबत हा कागद देतो. पिशवी सोडण्याआधी तो एकदा वाचा, ही विनंती. मरळ नेलेल्या लोकांशी पुढे महिना-दोन महिन्यांनी जे बोलणं होतं, त्यातून हा कागद तयार झाला आहे.

बहुतेक जण एकच वाक्य बोलतात, "मरळ चिवट असते, तिला काय होतंय!" चिवट ती आहेच. मासळी बाजारात ओल्या पोत्याखाली तासन् तास जिवंत राहणारी मरळ आपण सगळ्यांनी पाहिली आहे. कल्ल्यांच्या वर तिच्या डोक्यात हवा घेण्याची पोकळी असते, आणि दर थोड्या वेळाने वर येऊन ती तोंडाने हवा घेते. पण याच चिवटपणामुळे घरच्या टँकमध्ये तिचा जीव जातो. टँकचं पाणी खराब झालं की गोल्डफिश वर येऊन धापा टाकतो, आणि मालक धावत येतो. मरळ धापा टाकत नाही. हवा तर तिला वरून मिळतच असते. माशाच्याच घाणीतून पाण्यात तयार होणारा अमोनिया मात्र तिचे कल्ले आणि कातडी जाळत असतो, आणि ती कोपऱ्यात शांत बसून राहते. मालकाला वाटतं, मजेत आहे. म्हणून मरळ पाळणाऱ्याने माशाकडे पाहून पाण्याचा अंदाज बांधू नये, पाणीच तपासावं. अमोनियाची तपासणी आम्ही दुकानात करून देतो. स्वच्छ बाटलीत टँकचं पाणी भरून आणा.

कोणती मरळ, किती मोठा टँक

पिल्लू बोटाएवढं दिसतं तेव्हा सगळ्याच जाती सारख्या वाटतात. भीमेत, उजनीत सापडणारी मोठी मरळ चार फुटांच्या आसपास वाढू शकते. ती घरात ठेवायचा मासा नाही, आणि कोणी कितीही आग्रह केला तरी आम्ही ती काचेच्या टँकसाठी विकत नाही. लाल पट्ट्यांची, 'रेड स्नेकहेड' म्हणून विकली जाणारी जात तीन फुटांच्या पुढे जाते. पिल्लाचा लाल रंगही मोठेपणी राहत नाही.

घरासाठी लहान जाती बघा. ओढ्याओहोळांत राहणारी छोटी मरळ, जिला हौशी मंडळी 'गाचुआ' म्हणतात, साधारण वीतभर होते. आसामकडची 'रेनबो', म्हणजे ब्लेहेरी, त्याहून थोडी लहान. या दोन्हींच्या जोडीला तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक पुरतो. त्यात सुमारे 190 लिटर पाणी मावतं. म्हणजे काच आणि वाळू सोडून नुसत्या पाण्याचंच वजन 190 किलो. ते टीपॉयवर ठेवू नका, लोखंडी स्टँड घ्या. केशरी ठिपक्यांची 'ऑरँटी' हवी असेल तर चार-पाच फुटांच्या टँकचीच तयारी ठेवा. ती हातभर होते, आणि स्वभावाने तापट असते.

एका टँकमध्ये एक मरळ, किंवा जुळलेली एक जोडी. दोन अनोळखी मरळी एकत्र सोडल्या की एक रात्र पुरते, सकाळी एकीचे पर फाटलेले असतात. जोडी हवी असेल तर पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवावी लागतात. त्यांतली दोघं आपोआप जुळतात, मग उरलेल्यांना वेगळं काढायचं. दुसरा टँक मांडायला जागा नसेल तर या वाटेला जाऊ नका. एकटी मरळही उत्तम राहते, माणसाला ओळखते, काचेशी येऊन थांबते.

झाकण आणि झाकणाखालची हवा

टँक काठोकाठ भरू नका. पाणी आणि झाकण यांच्यामध्ये किमान तीन इंच मोकळी जागा हवी. तिथली हवा दमट राहते, मरळीला तीच घ्यायची असते. वर येऊन हवा घेता आली नाही तर मरळ पाण्यातच गुदमरून मरते. मासा बुडून मरतो हे ऐकायला विचित्र वाटतं, पण मरळीच्या बाबतीत ते खरं आहे. पाण्यावर तेलकट साय धरली तर कागद पसरून ती उचलून घ्या.

झाकणात करंगळी जाईल एवढीही फट ठेवू नका. वायर आणि नळी जाते त्या खाचेत स्पंजचा तुकडा घट्ट बसवा, आणि झाकणावर वजन ठेवा. आमच्या दुकानात सुरुवातीच्या वर्षी एक गाचुआ हवेच्या नळीच्या खाचेतून निसटली. सकाळी ती शटरच्या कडेला धुळीत माखलेली सापडली, पण जिवंत होती. दुसऱ्या कुठल्याही माशाचं तेव्हाच संपलं असतं. ती वाचली तरी तिची पाठ सोलवटली होती, आणि ती भरून यायला महिना गेला. नवीन टँकमध्ये आल्यावर पहिले पंधरा दिवस, पाणी बदलल्यानंतरची रात्र आणि दिवा एकदम बंद होण्याचा क्षण, या वेळी त्या हमखास उडी मारतात.

ही मरळ तुमच्याच खोलीतली हवा घेते, ही गोष्ट आपण विसरतो. टँकच्या खोलीत मच्छर अगरबत्ती लावू नका, झुरळांचा स्प्रे मारू नका, दिवाळीआधीचं रंगकाम त्याच खोलीत असेल तर टँक आधी हलवा. डास-झुरळांच्या औषधांत जी द्रव्यं असतात ती माशांना फार थोड्या प्रमाणातही विषारी असतात. देवघराजवळ टँक असेल तर धुपाचा धूर झाकणाखाली कोंडणार नाही एवढं बघा.

सोलापूरचं पाणी

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे साठवणं आपल्या अंगवळणी पडलंय. मरळीसाठी ही सवय उपयोगाचीच आहे. टँकसाठी शंभर लिटरचा एक वेगळा ड्रम ठेवा. नळ आला की तो भरा आणि दोन दिवस उघडा ठेवा, म्हणजे त्यातलं क्लोरीन उडून जातं. वर पातळ फडकं बांधा, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. घाई असेल तर अँटीक्लोरिनचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणेच टाका.

ड्रम घरात, सावलीत ठेवा. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी मे महिन्यात दुपारी हात भाजेल इतकं तापतं, आणि लोक तेच सरळ टँकमध्ये सोडतात. याने मेलेले मासे आम्ही पाहिले आहेत. बदलायचं पाणी आणि टँकचं पाणी यांच्या तापमानात हाताला फरक जाणवता कामा नये.

बोअरचं पाणी जड असतं. मरळ जड पाण्यातही राहते, पण आज नळाचं, उद्या बोअरचं, परवा टँकरचं असं केलंत तर तिला ते झेपत नाही. एकच पाणी ठरवा. ते फारच जड असेल तर अर्धं आरओचं मिसळा आणि तेच प्रमाण कायम पाळा. दुसरी गोष्ट: जड पाणी बहुधा क्षारीय, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं असतं, आणि क्षारीय पाण्यात, त्यात उन्हाळ्याच्या गरमीत, तेवढाच अमोनिया कितीतरी जास्त जहाल होतो. आपल्याकडे दोन्ही गोष्टी एकत्र येतात. म्हणून दर आठवड्याला पाव टँक पाणी बदलायचंच. तीन फुटी टँकला हे पाणी पंचेचाळीस-पन्नास लिटर होतं.

सजावटीत शहाबादी फरशीचा तुकडा ठेवू नका. तो चुनखडीचा दगड आहे, पाणी आणखी जड करतो. कुठल्याही दगडावर लिंबू पिळून पाहा, फसफसला तर तो टँकमध्ये नको. आपल्याकडचा काळा दगड बिनधास्त चालतो. वाळलेली देशी बदामाची पानं मात्र जरूर टाका. शहरात रस्तोरस्ती ही झाडं आहेत. गळून पडलेली, तपकिरी झालेली पानं धुवून तीन फुटी टँकमध्ये चार-पाच सोडा. पाणी चहासारखं होतं, मरळ त्यात निवांत राहते आणि तिचे रंगही खुलतात. लपायला मडक्याचं खापर किंवा पाइपचा तुकडा, आणि वर थोडी तरंगती वनस्पती.

टँक मुरू द्या

लोणचं जसं मुरावं लागतं तसा टँकही. माशाच्या विष्ठेतून अमोनिया होतो, त्याचं नायट्राइट होतं, त्याचं नायट्रेट. हे काम फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू करतात, आणि ते वसायला चार ते सहा आठवडे लागतात. आमच्या दुकानातल्या चालू टँकमधला स्पंज आम्ही नवीन ग्राहकाला विनामूल्य देतो, त्याने हा वेळ पुष्कळ कमी होतो. फिल्टर स्पंजचाच घ्या, कारण मरळीला जोराचा प्रवाह सोसत नाही. स्पंज नळाखाली धुवू नका. क्लोरीनने जिवाणू मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यात तो पिळून घ्या.

लाइट चार-पाच तास गेली तर मरळीच्या श्वासाची काळजी नको. काळजी फिल्टरची करा. बंद फिल्टरमधले जिवाणू हवेवाचून मरू लागतात आणि आतलं पाणी सडतं. लाइट आल्यावर बटण दाबण्याआधी स्पंज काढून पिळून घ्या.

उन्हाळा

हा भाग सगळ्यात मनावर घ्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या घरात तर विचारायलाच नको. आसाम, अरुणाचलच्या थंड ओढ्यांतल्या मरळींना, म्हणजे रेनबो आणि ऑरँटीला, 28 अंशांच्या वर फार दिवस सोसत नाही. गाचुआ त्यापेक्षा जास्त सोसते, पण 32 च्या पुढे तीही खाणं सोडते. टँकला बाहेरून थर्मामीटरची पट्टी चिकटवू नका. आत बुडणारा थर्मामीटर घ्या.

आपला उन्हाळा कोरडा आहे, त्याचा फायदा घ्या. झाकणाऐवजी घट्ट बसवलेली जाळी लावून तिच्यावर छोटा पंखा सोडला की पाणी उडतं आणि उडताना टँक दोन-तीन अंश गार करतं. त्याच खोलीत कूलर असेल तर आणखी बरं. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घाला. पाणी उडतं पण क्षार मागे राहतात, तुम्ही परत जडच पाणी घातलंत तर ते दिवसेंदिवस घट्ट होत जातं. बर्फाचा खडा थेट पाण्यात टाकू नका. बाटलीत पाणी गोठवून ती बाटली दुपारी तरंगत ठेवा. टँक पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. आणि या दोन महिन्यांत खाणं निम्म्यावर आणा.

थंडीचं उलट आहे. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास घरातलं पाणी 20-22 अंशांपर्यंत उतरतं, तेव्हा लोक हीटर मागायला येतात. रेनबो, ऑरँटी, गाचुआ यांना हीटर देऊ नका. वर्षातून दोन-तीन महिने गारवा मिळणं त्यांच्या प्रकृतीला आवश्यक आहे. बारा महिने गरम पाण्यात ठेवलेल्या आसामी मरळी थकतात आणि लवकर जातात. मात्र थंडीत खाणं कमी करा.

खाणं

पिल्लाला रोज थोडं, मोठ्या मरळीला आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा. ती काचेशी येऊन मागत राहील, द्यायचं नाही. सोललेली कोळंबी, माशाचे तुकडे, नाकतोडे (पिकावर फवारणी झालेल्या शेतातले नकोत), शेतातली साधी गांडुळं, आणि सवय लावली तर तरंगतं दाणेदार खाद्य. गांडूळखताच्या खड्ड्यातली लाल गांडुळं बहुतेक मरळी थुंकून टाकतात, त्यांच्या अंगाला उग्र वास असतो.

चिकन, मटण, कलेजी देऊ नका. त्या चरबीने माशाचं यकृत बिघडतं. जिवंत गोल्डफिश सोडून शिकार बघण्याचा हट्टही नको. त्या माशांबरोबर रोग येतात, आणि गोल्डफिशच्या मांसात ब जीवनसत्त्व नासवणारं द्रव्य असतं. तसले मासे मागणाऱ्याला आम्ही ते देत नाही.

दुखणं ओळखताना

दोन दिवस खाल्लं नाही म्हणून घाबरू नका, मरळ आठवडाभरही राहते. काळजी करायची ती अशा वेळी: डोळ्यांवर दुधी पडदा येणं, हा बहुतेक वेळा घाण पाण्याचा परिणाम असतो. पोट खपाटीला आणि विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी दिसली तर पोटात जंत असण्याची शक्यता असते. ओढ्यातून पकडून आणलेल्या मरळींमध्ये हे फार दिसतं, म्हणून नवीन मासा आम्ही तीन आठवडे वेगळा ठेवूनच विकतो.

अंगावर लाल चट्टा पडून त्याची जखम झाली तर त्याच दिवशी या. 1988 च्या सुमारास ईशान्य भारतातून एक बुरशीजन्य व्रणरोग देशभर पसरला, आणि त्यात मरळींचे फार हाल झाले. प्रत्येक जखम त्याचीच असते असं नाही, पण थांबून बघण्यासारखी ती नसते. येईपर्यंत अर्धं पाणी बदला आणि दर लिटरला एक ग्रॅम खडे मीठ विरघळवून घाला. औषधाच्या दुकानातून माणसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून टाकू नका. त्याने फिल्टर मरतो आणि दुखणं दुप्पट होतं.

नको झाली तर

बदली होते, घर बदलतं, टँक परवडत नाही, हे आम्ही समजू शकतो. पण मरळ सिद्धेश्वर तलावात, संभाजी तलावात किंवा हिप्परग्याला नेऊन सोडू नका. बाहेरची जात इथे तगली तर इथल्या माशांना खाईल, नाही तगली तर हालहाल होऊन मरेल, आणि दोन्ही वेळा तिचे रोग पाण्यात उतरतील. अमेरिकेत 2002 साली मेरीलँडमधल्या एका तळ्यात अशाच कोणीतरी सोडलेल्या चिनी मरळी वाढल्या. त्या मारायला अख्ख्या तळ्यात विष घालावं लागलं, आणि त्याच वर्षी तिथल्या सरकारने मरळीच्या आयातीवर बंदी आणली.

आमच्याकडून नेलेली मरळ आम्ही केव्हाही परत घेतो, पावती नसली तरी. आणताना झाकणाच्या बादलीत तिची पाठ बुडेल एवढंच पाणी घ्या, वर हवेला जागा ठेवा, झाकणाला चार भोकं पाडा आणि ते दोरीने बांधून घ्या. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत या.