नदीकाठची सहल, खानदेशातील

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत शहराजवळच्या नदी-नाल्याकाठी दिवसभरासाठी जाणे, काठाने किंवा डोंगरात थोडे चालणे, झाडाखाली जेवणे आणि उथळ पाण्यात उतरणे असा हा प्रकार. शाळेची सहल, घरच्यांचे वनभोजन आणि हिवाळ्यातली भरीत पार्टी ही त्याचीच रूपे. शहराला लागून बारमाही वाहणारे स्वच्छ पाणी आणि त्याच्या काठी राखलेली बाग असा योग खानदेशात क्वचितच जुळतो. त्यामुळे इथे सहलीची जागा आधी ठरवून चालत नाही. त्या महिन्यात पाणी कुठे आहे ते आधी पाहावे लागते.

पाणी कुठे आणि केव्हा

धुळे शहराच्या भागात वर्षाकाठी साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तापीला डावीकडून मिळणाऱ्या गिरणा, बोरी, पांझरा या नद्यांवर धरणे आणि बंधारे आहेत, त्यामुळे त्यांच्या पात्रातले पाणी पावसाइतकेच दरवाज्यांवर अवलंबून असते. उजवीकडून सातपुड्यातून येणाऱ्या सुकी, मोर, अनेर, गोमाई या नद्या लांबीने कमी आणि उताराला तीव्र.

सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जाड पट्टा आहे. भूजलाचे अभ्यासक त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून खळाळत आलेला नाला या पट्ट्यात शिरला की काही किलोमीटरांत जिरून जातो. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत रस्त्यावरच्या पुलाखाली नुसते पांढरे गोटे दिसतात आणि नवखी मंडळी तिथूनच माघारी फिरतात. पाणी असते ते वर, नाला डोंगरातून बाहेर पडतो त्या तोंडाशी. धुळे-नंदुरबार भागात गोष्ट वेगळी. तिथे बेसाल्टच्या पठारात डाइक म्हणजे कठीण काळ्या खडकाच्या उभ्या भिंती घुसलेल्या आहेत आणि त्या बऱ्याचशा पूर्व-पश्चिम धावतात. नाला अशी भिंत कापून जातो तिथे वरच्या अंगाला पाणी अडून डोह राहतो. नाला इतरत्र आटला तरी हा डोह काही आठवडे जास्त टिकतो.

जुलैत नाले गढूळ आणि बेभरवशाचे असतात. ऑगस्टच्या मध्यापासून पाणी निवळते आणि ऑक्टोबर अखेरपर्यंत धबधबे टिकतात. मात्र ऑक्टोबरमधले दुपारचे ऊन कोणाला सोडत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी हा सर्वांत चांगला काळ, कारण पाणी नितळ व उथळ असते, हवा थंड असते आणि भरताची वांगी बाजारात आलेली असतात. होळीनंतर या सहलीत राम नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा नदीकाठचा दगडही हात लावू देत नाही.

ठिकाणे

धुळ्याहून सर्वांत सोपे ठिकाण म्हणजे मुंबई-आग्रा महामार्गावरचे लळिंग, शहरापासून सुमारे १० किलोमीटर. वर किल्ला, खाली कुरण आणि पावसाळ्यात वाहणारा धबधबा. तिथल्याच लांडोर बंगल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर ३१ जुलै १९३७ रोजी मुक्कामी होते. दरवर्षी त्या तारखेला तिथे मोठा मेळा भरतो. त्या दिवशी अभिवादनासाठी जावे, सहलीसाठी दुसरा दिवस धरावा.

चाळीसगावपासून १८ किलोमीटरवरील पाटणादेवी हे या प्रकारातले खानदेशातले सर्वांत भरीव ठिकाण. देवीचे मंदिर, डोंगरी नावाची नदी, हेमाडपंती महादेव मंदिर, धवलतीर्थ व केदारकुंड हे धबधबे आणि कन्हेरगड एका परिसरात आहेत. गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख याच पाटण्याचा. हा सगळा भाग १९८६ साली घोषित झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर नोंद करूनच आत जावे लागते. नवरात्रात आणि चैत्रात देवीच्या यात्रेची गर्दी असते. तेव्हा निवांतपणा शोधू नये.

जळगावकरांना शहरातच मेहरुण तलावाची फेरी आणि लांडोरखोरीचे वनोद्यान आहे. ही दोन्ही ठिकाणे चालण्यासाठी चांगली, पण तलाव पाण्यात उतरण्यासाठी नाही. यावल तालुक्यातील मनुदेवी आणि रावेर तालुक्यातील पाल, तिथल्या सुकी नदीवरचे गारबर्डी धरण, ही सातपुड्याच्या बाजूची नेहमीची ठिकाणे. शहरातून वाहणाऱ्या पांझरेच्या किंवा तापीच्या काठी फिरावे, बसावे; पण पाय बुडवायचा तर शहराच्या वरच्या अंगाला जावे. खालच्या अंगाला सांडपाणी मिसळलेले असते.

चालणे

घरच्या मंडळींना जाऊन-येऊन ४ ते ६ किलोमीटर पुरतात. नाल्याच्या पात्रातून गोट्यांवर चालण्याचा वेग सपाट वाटेच्या निम्मा धरावा. सकाळी ७ ला चालायला लागून १० पर्यंत डोहाशी पोचणे आणि दुपारी ४ ला परत निघणे हा हिशेब बहुतेक जागी जुळतो. गौताळ्यात आणि सातपुड्यात बिबट्याचा वावर आहे. संध्याकाळ ही त्याची पाण्यावर येण्याची वेळ, म्हणून दिवेलागणीपर्यंत नाल्यात रेंगाळू नये.

पावसानंतरच्या एक-दोन दिवसांत काळ्या मातीच्या शेतवाटेने जाऊ नये. माती बुटाला चिकटून पाय जड होतात आणि चारचाकी रुतली तर ट्रॅक्टर बोलवावा लागतो. मुरमाड किंवा खडकाळ वाट लांबची असली तरी तीच धरावी. बोर आणि बाभळीचे काटे पातळ तळव्यातून आरपार जातात. हिवाळ्यात झुडपांवर खाजकुइलीच्या तपकिरी, मखमली शेंगा लोंबतात. त्यांची लव अंगाला लागली तर चोळू नये, चोळल्याने ती आणखी रुतते. चिकटपट्टी लावून उपटावी, मग धुवावे.

कड्याखाली जेवायला बसण्याआधी मान वर करून आग्या मोहोळ आहे का ते पाहावे. धूर, अत्तर आणि मुलांचे दगड या तिन्हींनी ते उठते. दगडांच्या राशीत फुरसे हा विषारी साप असतो. आकाराने लहान आणि रंगाने मातीसारखे, म्हणून दगड उचलताना हात घालायच्या आधी काठीने हलवावा. साप चावल्यास आवळपट्टी बांधणे, चिरणे, चोखणे यांतले काहीही करू नये. हात किंवा पाय स्थिर ठेवून, माणसाला न चालवता, १०८ ची रुग्णवाहिका बोलवून प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. मोबाइलला रेंज कुठपर्यंत येते ते जातानाच पाहून ठेवलेले बरे, कारण घळीत ती बहुधा नसते.

प्रत्येकामागे ऑक्टोबरात ३ लिटर आणि डिसेंबरात २ लिटर पाणी घरून न्यावे. नाल्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी पिऊ नये. वर गुरे बसलेली असतात.

पाण्यात उतरणे

मर्यादा गुडघ्याची. त्याहून खोल पाणी हे पोहणाऱ्याचे काम, आणि अनोळखी डोहात तेही नको. वाहते पाणी गुडघ्याला लागत असले तरी वेगात असेल तर मोठ्या माणसाचा पाय उचलते. पाण्यात पान टाकावे. आपण सावकाश चालून त्याच्याबरोबर राहू शकत नसू तर उतरू नये.

अनवाणी उतरण्याची हौस महागात पडते. शेवाळलेला बेसाल्ट ओल्या साबणासारखा निसटतो आणि सहलीच्या जागी गोट्यांत काचा हमखास असतात. मागे पट्टा असलेले जुने सँडल घालावेत; चप्पल पहिल्या पावलातच वाहून जाते. हातात छातीएवढी काठी घ्यावी. तोंड प्रवाहाकडे तिरपे ठेवून आधी काठी, मग एक पाय, मग दुसरा असे सरकत जावे. पाऊल उचलून टाकण्याऐवजी घासत न्यावे. हिरवट-काळा चकचकीत दगड टाळावा, खरखरीत करडा दगड धरावा. पायाला उघडी जखम असेल त्याने काठावर बसावे, कारण साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होतो.

खरा धोका डोक्यावरच्या पावसाचा नसून वरच्या खोऱ्यातल्या पावसाचा असतो. पाटणादेवीला ऊन पडलेले असताना घाटमाथ्यावरच्या कन्नड गावाच्या पठारावर ढग कोसळत असू शकतो, आणि तिथले पाणी याच घळींतून खाली येते. ३० व ३१ ऑगस्ट २०२१ च्या रात्री या डोंगरांत झालेल्या अतिवृष्टीने डोंगरी आणि तितूर नद्यांना पूर येऊन चाळीसगाव शहरात पाणी शिरले आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या. छोट्या नाल्यात पाणी तासाभरात, कधी त्याहून लवकर वाढते. खुणा मात्र आधी दिसतात: नितळ पाणी चहाच्या रंगाचे होते, पालापाचोळा आणि काड्या तरंगत येऊ लागतात, वरून घरघर ऐकू येते. पोचल्यावर पाण्याच्या कडेला एक दगड खुणेसाठी ठेवावा. तो भिजला की सामान सोडून काठाच्या उंच बाजूला चढावे. नाल्याच्या पात्रातून खाली पळणे ही नेहमी होणारी चूक. पाणी माणसापेक्षा वेगात धावते. दुपारचे जेवण आटोपेपर्यंत पलीकडच्या काठावर राहू नये, कारण परतीची वाट त्याच पाण्यातून असते.

मोठ्या नद्यांत दोन वेगळ्या भानगडी आहेत. एक म्हणजे धरणातून सुटणारे पाणी. पांझरेवर अक्कलपाडा, गिरणेवर गिरणा धरण, तापीवर ४१ दरवाज्यांचे हतनूर. पावसाळ्यात विसर्ग वाढवताना नदीकाठच्या गावांना सूचना दिली जाते, पण बाहेरगावच्या माणसाच्या कानावर ती पडत नाही. गिरणेत तर उन्हाळ्यातही पिण्याच्या पाण्यासाठी आवर्तन सुटते आणि कोरडे पात्र भर दुपारी वाहू लागते. निघण्याआधी काठच्या गावात चहा घेताना ‘पाणी सोडलंय का?’ एवढे विचारले तरी काम होते.

दुसरी भानगड वाळू उपशाच्या खड्ड्यांची. घोट्याएवढ्या पाण्यात चालता चालता पाऊल एकदम पुरुषभर खोल खड्ड्यात जाते. वरून पाणी सारखेच दिसते, म्हणून मुलांच्या पुढे काठी घेतलेले मोठे माणूस असावे. तापीच्या काठचा मऊ गाळही फसवा. पाय रुतल्यास झटके न देता मागे रेलून बसावे, एक पाय सावकाश हलवत मोकळा करावा, मग दुसरा. पांझरेच्या फड पद्धतीच्या, म्हणजे गावांनी मिळून पाणी वाटून घ्यायच्या सिंचनाच्या, जुन्या बंधाऱ्यांवरून पाणी पसरून पडते ते दृश्य देखणे असते, पण बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाण्याच्या माऱ्याने खोल खळगा पडलेला असतो. तिथे उतरायचे नाही, आणि बंधाऱ्याच्या माथ्यावरून चालायचेही नाही.

जेवण

अभयारण्यात वणवा लागेल अशा रीतीने विस्तव पेटवणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. पाटणादेवी, यावल अभयारण्य इथे चूल मांडण्याचा विचारच करू नये. शिदोरी घरून न्यावी. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा हे संध्याकाळपर्यंत टिकते. दही-कढी आणि ओले खोबरे घातलेली भाजी ऑक्टोबरच्या उन्हात दुपारीच आंबते.

चुलीची हौस भागवायची ती नदीकाठच्या ओळखीच्या मळ्यात, मालकाला विचारून. तिथला मान भरताचा. दहा जणांना साडेतीन ते चार किलो वांगी लागतात, आणि तीही यावल तालुक्यातल्या बामणोदकडची फिकट हिरवी, मोठी, कमी बियांची. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हातात घेऊन आकाराच्या मानाने हलके लागेल ते वांगे घ्यावे, जड असेल ते बियांनी भरलेले.

भाजायला तुराट्या (तुरीची वाळलेली झाडे) किंवा कपाशीच्या पऱ्हाट्या लागतात. कपाशीवर फवारणी भरपूर झालेली असते, म्हणून तुराट्याच बऱ्या. त्या भडकन पेटतात आणि लवकर विझतात, त्यामुळे दोन मोठे भारे हाताशी ठेवावेत. वांग्यांना टोचे मारून, देठासकट जाळावर ठेवून वीसेक मिनिटे उलटत राहावे. साल काळी झाली म्हणजे भाजले असे नाही. देठाजवळ काडी टोचून पाहावी, ती लोण्यात जावी तशी गेली पाहिजे. हाच भाग कच्चा राहतो आणि मग भरीत घशाला खवखवते. सोललेले वांगे पाण्याने धुऊ नये, धुराचा वास निघून जातो. हिरव्या मिरच्या (दहा जणांना पाव किलोपर्यंत, लेकरे असतील तर निम्म्या) आणि लसूण बडगीत (लाकडी उखळीत) आधी ठेचावा, मग वांगी घालून लाकडी दांड्याने घोटावीत. शेवटी तेलात शेंगदाणे तळून ती फोडणी ओतावी, वर कांद्याची पात आणि कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. मिक्सरमधून फिरवून आणलेले भरीत मळ्यात खाण्यात अर्थ नाही.

चूल वाऱ्याच्या आडोशाला, वाळलेल्या गवतापासून किमान ३ मीटर लांब, उघड्या वाळूवर मांडावी. निघताना राखेवर पाणी ओतून काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे आणि तळहात वर धरून ऊब लागत नाही ना हे पाहावे. नुसती वाळू टाकून झाकलेला निखारा तासन्‌तास जिवंत राहतो आणि पाठून अनवाणी येणाऱ्या पोराचा पाय भाजतो. पत्रावळ्या पानांच्या असतील तर मळ्यातल्या उकिरड्यावर टाकता येतात. थर्माकोलच्या ताटल्या, प्लॅस्टिकचे पेले आणि बाटल्या मात्र गोणीत भरून शहरात परत न्याव्या लागतात. नाल्यात ठेवलेली गोणी पहिल्या पुरात खालच्या बंधाऱ्याला जाऊन अडकते.