रोगण 'वाळतं' म्हणजे नेमकं काय होतं?

गेल्या दिवाळीनंतर वर्कशॉपमध्ये लोखंडी अँगलवर पोटमाळा काढला आणि त्यावर 19 मिलिमीटरचं प्लायवूड टाकलं. ड्रिल स्टँड, व्हाइसचं बाक, सांडणारं तेल, ओढत नेलेल्या पेट्या, सगळं त्याच जमिनीवर. तिला काय लावावं हे विचारत तीन दुकानं फिरलो. एकाने फ्रेंच पॉलिश सांगितलं, दुसऱ्याने बेल तेल, तिसऱ्याने हार्डनरवालं पीयू. तिघांचं एकमत एवढ्यावरच, की "वाळलं की बिनधास्त चाला." सगळा घोळ त्या 'वाळलं' शब्दात आहे. तिन्ही डब्यांत वाळणं म्हणजे तीन वेगळ्या घटना असतात, आणि जमीन किती टिकणार हे त्यावरच ठरतं.

फ्रेंच पॉलिश दोरीवरच्या कपड्यासारखं वाळतं. स्पिरिटमध्ये विरघळलेली लाख, स्पिरिट उडालं की मागे उरते. रेणूंमध्ये काही बदललेलं नसतं, त्यामुळे पुन्हा स्पिरिट सांडलं की लाख पुन्हा विरघळते. कपाटाच्या दाराला हे चालतं. जिथे थिनरची बाटली रोज उघडते तिथल्या जमिनीला नाही.

बेल तेल, म्हणजे अळशीचं उकळलेलं तेल, मात्र वाळताना वजनाने वाढतं. त्यातून फारसं काही उडत नाही, उलट ते हवेतला ऑक्सिजन पितं. ही क्रिया माझी फार लाडकी आहे, म्हणून तिच्यापाशी जरा थांबतो.

तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या खुंटीला टांगलेल्या मेदाम्लांच्या तीन शेपट्या. अळशीच्या तेलात सर्वांत जास्त असतं ते लिनोलेनिक आम्ल: 18 कार्बनची साखळी आणि तिच्यात तीन दुहेरी बंध. दोन दुहेरी बंधांच्या मध्ये सापडलेल्या कार्बनवरचे हायड्रोजन सैल धरलेले असतात. त्यातला एक निसटला की मागे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन उरतो. हे झालं मुक्त मूलक. ऑक्सिजन त्याला लगेच चिकटतो आणि पेरॉक्सी मूलक तयार होतं. ते शेजारच्या शेपटीवरचा सैल हायड्रोजन ओढून घेतं आणि हायड्रोपेरॉक्साइड बनून शांत होतं, पण शेजारी नवं मूलक ठेवून जातं. पुढे हायड्रोपेरॉक्साइडही तुटतं आणि आणखी मूलकं देतं, म्हणून आधी रेंगाळणारी क्रिया नंतर वेग घेते. मधूनच दोन मूलकं एकमेकांना भेटतात आणि दोन शेपट्यांची गाठ बसते. अशा असंख्य गाठी पडल्या की द्रव उरतच नाही, सगळीकडे जाळं होतं. बेल तेलात घातलेले कोबाल्ट किंवा मँगनीजचे क्षार ही हायड्रोपेरॉक्साइडं भराभर तोडतात, आणि आठवडे लागणारं काम दिवसा-दोन दिवसांवर येतं.

हे जाळं तुम्ही रोज बघता. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनवरचा पिवळा, चिकट, साबणाला न जुमानणारा थर म्हणजे सूर्यफुलाच्या किंवा करडईच्या तेलाने घातलेल्या याच गाठी. खोबरेलात दुहेरी बंध नावापुरते, म्हणून ते लाकडाला लावून कितीही थांबा, वाळणार नाही. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाने रंगाच्या डब्यावर धरलेली अळशीच्या तेलाची रबरी साय पाहिली आणि तीच क्रिया वापरून जमिनीवर अंथरायचं लिनोलियम तयार केलं. 1863 साली त्याने त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला.

प्रत्येक गाठीबरोबर उष्णता बाहेर पडते. पसरलेल्या थरातून ती हवेत निघून जाते, पण तेल पुसलेल्या फडक्याचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर आतच साठते. उष्णतेने क्रिया वाढते, क्रियेने उष्णता, आणि काही तासांत काडी न लावता फडकं पेटतं. 23 फेब्रुवारी 1991 रोजी फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या 38 मजली इमारतीला लागलेली आग अशाच तेलकट चिंध्यांपासून सुरू झाली. तिच्यात अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. आपल्याकडे कपडे आपोआप पेटले की भानामतीचं नाव निघतं आणि मांत्रिकाला बोलावणं जातं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना अशा घरांत शोध घेतल्यावर बहुधा घरातलाच माणूस सापडला आहे. सुताराच्या दुकानात मात्र माणूसही लागत नाही, अळशीचं तेल पुरतं. मंत्र दोन्हीकडे निरुपयोगी. फडकी पाण्यात बुडवावीत किंवा दोरीवर एकेक पसरून वाळवावीत.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. जर्मनीत ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते 1937 मध्ये शोधलं. एका डब्यात रेझिन, म्हणजे राळेसारखा चिकट पदार्थ, ज्याच्या रेणूंवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या (हायड्रॉक्सिल गट) असतात. दुसऱ्यात त्या जोड्यांना पकडणारं आयसोसायनेट, हाच तो हार्डनर. दोन्ही मिसळले की ऑक्सिजनची वाट न बघता थेट जोडणी होते. जोडणीच्या जागी हायड्रोजन बंधही असतात, म्हणजे रेणूंमधली हलकी पकड. ते ताणाखाली सुटतात आणि पुन्हा जुळतात, म्हणून थर घासला तरी सहज झिजत नाही. पण आयसोसायनेटला पाणीही तितकंच आवडतं. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि थरात बुडबुडे अडकतात. कोकणात जुलैमध्ये पीयू मारून फोड आले म्हणून कंपनीला शिव्या देणाऱ्यांनी हवेतल्या दमटपणाकडे बघावं. आयसोसायनेटच्या वाफेने कायमचा दमा जडू शकतो आणि कापडी मास्क ती अडवत नाही. योग्य कार्ट्रिजचा मास्क आणि उघड्या खिडक्या यांत तडजोड नको.

मग इपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणारं दुसरं रेझिन, का नाही? काँक्रीटवर ते उत्तम. प्लायवूड मात्र हातोडा पडला की दबतं, आणि वरचा कडक इपॉक्सी थर त्याच्याबरोबर वाकत नाही, तडकतो. डब्यावरचं 'नॅनो' वाचून भुलू नका. जोडणी कशाने होते, ते विचारा.

मी डिसेंबरच्या कोरड्या हवेत हार्डनरवालं पीयू लावलं, तीन हात, प्रत्येक हातानंतर हलका पॉलिश पेपर. सुरुवात कडांपासून केली. प्लायवूडच्या कडेला लाकडाच्या नळ्या तोंड उघडून बसलेल्या असतात आणि पाणी तिथूनच शिरतं. कडा पहिला हात गटागट प्यायल्या. त्यांना आणखी दोन हात जास्त दिले. दुसऱ्या दिवशी जमिनीवर चालता येत होतं, पण जोडणी आतून चालूच असते, म्हणून ड्रिल स्टँड आठवडाभर खालीच ठेवला. वेल्डिंगच्या कोपऱ्यात पत्रा टाकला, कारण तापलेल्या ठिणगीपुढे यातलं कुठलंच रोगण टिकत नाही.