टाका की वाफ? युरोलिफ्ट आणि रेझूममधला फरक

साठी उलटली, मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवीची धार बारीक झाली, रात्री चार-चार वेळा उठावं लागतंय आणि गोळ्यांनीही भागत नाही, की ही दोन नावं कानावर पडतात. दोन्ही उपचार लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून होतात, पोटावर चिरा नसतो, बहुतेक जण त्याच दिवशी घरी येतात. म्हणून लोक दोन्ही एकच समजतात.

युरोलिफ्ट म्हणजे टाका. गोधडीचा फुगीर भाग टाक्याखाली दबतो, तशी लघवीच्या नळीवर आलेला प्रोस्टेटचा वाढलेला भाग बाजूला दाबून धरतात. टाक्याच्या एका टोकाला नायटिनॉल हा मिश्रधातू, दुसऱ्याला स्टेनलेस स्टील, मध्ये दोरा. असे साधारण चार-सहा टाके. काही कापत नाहीत, जाळत नाहीत. म्हणून आराम लवकर पडतो आणि अनेकांना कॅथेटर, म्हणजे लघवी काढायला घातलेली नळी, लागतच नाही.

रेझूममध्ये वापरतात वाफ. मोदकपात्राचं झाकण उघडताना हाताला बसलेला चटका आठवा. वाफेचं पाणी होताना ती पोटातली सगळी उष्णता सोडते. इथे तेच घडतं: सुईतून 103 अंशांची वाफ, दर वेळी 9 सेकंद. त्या जागच्या पेशी मरतात आणि शरीर त्या हळूहळू शोषून घेतं. पण आधी सूज येते. काही दिवस कॅथेटर, नंतर जळजळ. पहिल्या आठवड्यात घरच्यांना वाटतं, ऑपरेशन फसलं. फसलेलं नसतं, फरक दोनेक आठवड्यांनी जाणवू लागतो, पूर्ण गुण यायला तीन महिने लागू शकतात. हे आधीच नीट सांगायला हवं.

टिकण्याच्या बाबतीत मला वाफ उजवी वाटते. दोन वेगवेगळ्या चाचण्यांत 5 वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागली ती युरोलिफ्टनंतर 13.6 टक्के, रेझूमनंतर 4.4 टक्के रुग्णांना. प्रोस्टेटचा मधला भाग, म्हणजे मधला लोब, मूत्राशयात घुसला असेल तरी वाफ तिथवर देता येते.

आणखी एक गोष्ट पुरुष विचारत नाहीत. टीयूआरपी, म्हणजे दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडून काढायच्या शस्त्रक्रियेनंतर अनेकांचं वीर्य उलटं मूत्राशयात जातं; या दोन्हींत ते बहुधा टळतं. संकोच न करता विचारा.

डॉक्टरांकडे जाताना सोनोग्राफीचा रिपोर्ट न्या. त्यात तीन गोष्टी पाहायच्या: प्रोस्टेट किती सीसी, मधला लोब वाढलाय का, लघवी केल्यावर मूत्राशयात किती उरते. ग्रंथी 80 सीसीच्या बरीच वर असेल, मूत्राशयात खडे असतील किंवा किडनीला सूज असेल, तर बहुधा टीयूआरपी किंवा लेझरचाच सल्ला मिळेल.