सीन्स फ्रॉम अ मॅरेज

स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमन (१९१८–२००७) यांची सहा भागांची दूरचित्रवाणी मालिका आणि तिच्यात काटछाट करून तयार केलेला चित्रपट. मालिका स्वीडनच्या दूरचित्रवाणीवर ११ एप्रिल १९७३ पासून आठवड्याला एक भाग या क्रमाने दाखवली गेली. चित्रपट १९७४ मध्ये अमेरिकेसह इतर देशांत पोचला. पटकथा आणि दिग्दर्शन बर्गमन यांचे, छायाचित्रण स्वेन निक्विस्त यांचे. मारियानच्या भूमिकेत लिव उलमन आणि योहानच्या भूमिकेत एर्लांद योसेफसन आहेत. चाळिशीच्या आसपासची अस्वस्थता आणि आतून पोकळ होत गेलेले सहजीवन या विषयावरच्या चित्रपटांत याचे नाव आजही सर्वांत आधी घेतले जाते.

सुरुवातीला योहान ४२ वर्षांचा आणि मारियान ३५ वर्षांची आहे. तो मानसशास्त्राशी संबंधित संस्थेत प्राध्यापक, ती घटस्फोटाची प्रकरणे हाताळणारी वकील. लग्नाला दहा वर्षे झालेली, दोन मुली, पैशाची ददात नाही, भांडणे नाहीत. एका मासिकासाठी आदर्श जोडपे म्हणून त्यांची मुलाखत घेतली जात असताना पहिला भाग उघडतो. स्वतःविषयी थोडक्यात सांगा, असे मुलाखतकार बाई म्हणतात. योहान सोफ्यावर आरामात टेकून आपली हुशारी, यश, समतोल स्वभाव, बाप म्हणून आणि मित्र म्हणून आपण किती चांगले आहोत, हे सगळे घडाघडा सांगून टाकतो. मारियान मात्र अडखळते. योहानशी लग्न झाले आहे, दोन मुली आहेत, एवढ्यावर तिचे सांगणे संपते. पुढच्या पाच भागांत जे घडते त्याचे मूळ या दोन-तीन मिनिटांत आहे. एकाला स्वतःविषयी जरुरीपेक्षा जास्त खात्री आहे, दुसरीला स्वतःचा पत्ताच नाही, आणि दोघेही याला सुख म्हणत आले आहेत.

त्याच भागात पेटर आणि काटरीना (यान माल्मशो आणि बिबी अँडरसन) हे मित्र-जोडपे जेवायला येते आणि यजमानांसमोर एकमेकांचे अक्षरशः वाभाडे काढते. पाहुणे गेल्यावर योहान-मारियान आपण तसे नाही या समाधानात भांडी आवरतात. दुसऱ्या भागात मारियानकडे याकोबी नावाच्या प्रौढ बाई घटस्फोटासाठी येतात. नवरा वाईट नाही, मारहाण नाही, दुसरी बाई नाही. लग्नात प्रेम नाही, एवढेच त्यांचे कारण आहे. मुले मोठी होईपर्यंत त्या थांबल्या. आता आपल्या संवेदनाच बोथट होत चालल्या आहेत, असे सांगताना त्या टेबलावरून हात फिरवतात आणि तो स्पर्शही किती पुसट लागतो ते सांगतात. ऐकताना मारियानच्या चेहऱ्यावर जी भीती उमटते ती वकिलाची नाही. संपूर्ण मालिकेत उलमन यांचा अभिनय इथे सर्वांत वरच्या पातळीवर पोचतो, आणि तोही जवळजवळ एकही शब्द न बोलता.

तिसऱ्या भागात फुटतो तो बांध. योहान रात्री गावाबाहेरच्या घरी येतो, मारियान त्याला खायला देते, आणि तो सांगून टाकतो की पाउला नावाच्या तरुण मुलीच्या प्रेमात पडलो आहे आणि उद्या तिच्याबरोबर पॅरिसला निघालो आहे. आक्रोश, आदळआपट यांतले काहीही लगेच घडत नाही. मारियान त्याची बॅग भरू लागते. कोणते कपडे लागतील ते विचारते, राखाडी सूट धुवायला टाकलेला आहे याची आठवण करून देते. सवयीने चालणारे हात आणि कोसळत असलेले मन एकाच चौकटीत दिसतात. सकाळी तो गेल्यावर ती मित्रांना फोन करते तेव्हा कळते की सगळ्यांना हे आधीपासून ठाऊक होते. विश्वासघातापेक्षा ही लाज तिला जास्त झोंबते. बर्गमन यांनी १९४९ मध्ये स्वतः असेच कुटुंब सोडून पॅरिस गाठले होते आणि या प्रसंगामागे तो अनुभव आहे, हे त्यांच्या आत्मकथनातून दिसते. योहानची बाजू कुठेही सावरून घेतलेली नाही, याचे कारण कदाचित तेच असावे.

पुढे तराजू हळूहळू दुसरीकडे झुकतो. चौथ्या भागात योहान भेटायला येतो. मानसोपचारांच्या निमित्ताने लिहू लागलेली मारियान आपली वही त्याला वाचून दाखवते: लहानपणापासून मी सगळ्यांना आवडेल तशी वागत आले, मला नेमके काय हवे हे मला कधी कळलेच नाही. पडद्यावर उलमन यांच्या बालपणाची छायाचित्रे येत राहतात. वाचून संपल्यावर ती मान वर करते, तर योहान झोपी गेलेला असतो. पाचव्या भागात, योहानच्या कार्यालयात घटस्फोटाच्या कागदांवर सह्या करायला जमलेले दोघे आधी जवळ येतात, मग एकमेकांवर तुटून पडतात. योहान तिला रक्त निघेपर्यंत मारतो आणि त्यानंतर सह्या होतात. हा प्रसंग पाहणे कठीण आहे, पण दहा वर्षांच्या सभ्यपणाखाली काय साचले होते ते इथेच उघडे पडते. योहानच्या कारकिर्दीची चढण तोवर थांबली आहे आणि पाउलाचाही त्याला कंटाळा आला आहे. शेवटच्या भागात दोघांचीही दुसरी लग्ने झालेली असून ते चोरून भेटतात.

पाचव्या भागाचे नाव ‘निरक्षर’ असे आहे आणि चित्रपटाचे म्हणणे तिथे एकवटले आहे. शरीराविषयी सगळे काही शिकवतात, मनाविषयी मात्र एक अक्षर शिकवत नाहीत, असा विचार योहानच्या तोंडी येतो. दोघेही उच्चशिक्षित, बोलण्यात पटाईत. एक मनांचा अभ्यासक, दुसरी मोडलेल्या लग्नांची जाणकार. तरी स्वतःच्या घरात काय सडते आहे ते दोघांनाही सांगता येत नाही. पाउला हे निमित्त आहे. तिला पडद्यावर एकदाही आणलेले नाही आणि हा निर्णय अचूक आहे, कारण ती दिसली असती तर प्रेक्षकाला दोष टाकायला सोयीची जागा मिळाली असती.

मांडणी अत्यंत काटकसरीची आहे. १६ मिलिमीटर फिल्म, छोटा चमू, मोजक्या खोल्या, पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. त्याआधीच्या बर्गमन-चित्रपटांतील प्रतीके आणि स्वप्नदृश्ये इथे बाजूला पडली आहेत. शेवटच्या भागात मारियान स्वप्नाने दचकून उठते, पण तेही ती फक्त शब्दांत सांगते. निक्विस्त यांचा कॅमेरा चेहऱ्यांच्या इतका जवळ असतो की बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याकडे लक्ष जाते. घरातल्या छोट्या पडद्यासाठी केलेली ही योजना थिएटरच्या मोठ्या पडद्यावर आणखी अंगावर येते.

चित्रपटाला परदेशी चित्रपटासाठीचा गोल्डन ग्लोब मिळाला. न्यूयॉर्कच्या चित्रपट समीक्षकांनी १९७४ साठी उलमन यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरवले आणि पटकथेचा मान बर्गमन यांना दिला. आधी दूरचित्रवाणीवर दाखवला गेल्यामुळे ऑस्करच्या स्पर्धेला मात्र तो अपात्र ठरला. या मालिकेमुळे स्वीडनमध्ये घटस्फोट वाढले, असे सर्रास सांगितले जाते. घटस्फोट वाढले हे खरे, पण १ जानेवारी १९७४ पासून तिथला विवाहकायदाच बदलला होता. कोणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळू लागला. पदरी १६ वर्षांखालील मूल असेल किंवा एका जोडीदाराचा विरोध असेल तरच सहा महिन्यांचा विचारकाल आवश्यक राहिला. वाढीचे मोठे कारण तिथे शोधावे लागते. मालिकेने लोकांना घरात बोलायला लावले, एवढे मान्य करता येईल. लग्ने मोडल्याचे श्रेय किंवा अपश्रेय तिच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

बर्गमन यांनी १९८१ मध्ये म्युनिक येथे या मालिकेचे नाट्यरूप सादर केले. याच दोन पात्रांना त्यांनी २००३ च्या ‘साराबांद’मध्ये पुन्हा आणले. तो त्यांचा अखेरचा चित्रपट. त्यात म्हातारा योहान एकटा राहतो आणि मारियान कित्येक वर्षांनी त्याला भेटायला जाते. २०२१ मध्ये हगाई लेवी यांनी एचबीओसाठी पाच भागांची अमेरिकी आवृत्ती केली. ऑस्कर आयझॅक आणि जेसिका चॅस्टेन यांच्या या आवृत्तीत घर सोडून जाते ती बायको. त्यामुळे कोणाला सहज क्षमा मिळते हा प्रश्न नव्याने उभा राहतो.

मूळ मालिका सुमारे २८० मिनिटांची, तर चित्रपट पावणेतीन तासांच्या आसपास आहे. काटछाटीत मारियानचा गर्भपात गेला आणि आईशी होणारे तिचे बोलणेही गेले. योहान घर सोडण्याच्या कितीतरी आधी मारियान आपला निर्णय दुसऱ्यांच्या मर्जीवर सोपवत होती, हे गर्भपाताच्या प्रसंगात दिसते. आईच्या लग्नातही न बोललेले किती होते, हे दुसऱ्यात. हे दोन्ही प्रसंग नसले की मारियान नुसती टाकलेली बायको वाटू लागते, म्हणून मालिकेचीच आवृत्ती पाहावी.