हात लागेपर्यंत मुकं शिल्प

इटलीतल्या वेरोना शहरात ज्युलिएटचा ब्राँझचा पुतळा आहे. त्याला हात लावला की प्रेमात नशीब उघडतं, अशी समजूत. हात लागून लागून तो इतका झिजला की 2014 मध्ये मूळ पुतळा आत हलवून बाहेर प्रतिकृती उभी करावी लागली. घामातले क्षार आणि आम्लं धातूवरचा थर खातात, उरलेलं काम घर्षण करतं. ‘हात लावू नये’ ही पाटी उगीच नसते.

पण काही शिल्पं हात लागेपर्यंत मुकी असतात. अगदी शब्दशः. 1952 साली फ्रान्समधल्या बर्नार आणि फ्रान्स्वा बाशे या भावांनी ‘क्रिस्ताल बाशे’ घडवलं. एक अभियंता, दुसरा शिल्पकार. ओल्या बोटांनी काचेच्या कांड्या चोळल्या की धातूचे मोठाले पत्रे गाऊ लागतात. वीज कुठेही नाही. सगळी करामत बोटाच्या टोकाशी. बोट काचेवरून सलग सरकतंय असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात ते क्षणभर चिकटतं, ताण वाढला की निसटतं आणि लगेच पुन्हा चिकटतं. हे सेकंदाला शेकडो वेळा. व्हायोलिनचा गज तारेशी असाच वागतो. हे कंपन धातूच्या सळईत उतरतं. स्वर कोणता, ते सळई ठरवते आणि पत्रा तो मोठा करून हवेत सोडतो. बोट तेलकट असेल तर पकडच बसत नाही. शिवाय आपल्या त्वचेत खोलवर कंपन टिपणारे संवेदक असतात. सेकंदाला 200 ते 300 कंपनं त्यांना सर्वांत चांगली कळतात, त्यामुळे वाजवणाऱ्याला स्वर कानात आणि बोटात एकदमच जाणवतो.

न शिवताही खेळता येतं. एडवर्ड इह्नातोविच यांचं ‘सेन्स्टर’ हे हलणारं यंत्रशिल्प 1970 ते 1974 या काळात नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनमध्ये होतं. हलक्या आवाजाकडे ते मान वळवायचं, आरडाओरडा झाला की मागे सरायचं. नियम एवढेच; तरी बघणाऱ्यांना ते लाजाळू वाटे! मला वाटतं, तो लाजाळूपणा यंत्रात कमी आणि बघणाऱ्यांत जास्त होता.

ब्राझीलच्या लिजिया क्लार्क यांनी 1960 च्या सुमारास ॲल्युमिनियमचे पत्रे बिजागऱ्यांनी जोडून ‘बिशो’ म्हणजे प्राणी केले. पुढची बाजू, मागची बाजू असं काही नाही. एक पत्रा उचलला की दुसरा आपोआप कलंडतो, तिसरा अडून बसतो, आणि आकार बदलायला निघालेल्या हाताला त्याचं ऐकावं लागतं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात 2014 मध्ये क्लार्क यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा प्रेक्षकांना हाताळायला प्रतिकृती ठेवल्या होत्या. हातांसाठीच जन्मलेल्या मूळ बिशोंना मात्र कुणी हात लावायचा नव्हता.