हेडफोनचा ॲम्प आणि २०० तासांची वाट

गेल्या गणेश चवथीला भाचा गोव्यात फोंड्याला घरी आला तो गळ्यात नवा हेडफोन घेऊनच. आरती आटोपली, आरतीत वाजवायचे घुमट, म्हणजे कातडे ताणलेले मातीचे वाद्य, भिंतीला टांगून झाले, तेव्हा त्याने विषय काढला. “मामा, याला वेगळा ॲम्प घ्यावाच लागेल असे दुकानदार म्हणाला. त्याच्याकडचा चांगला ॲम्प माझ्या दोन पगारांचा आहे. आणि घेतल्यावर २०० तास वाजवत ठेवायचा, मग आवाज उघडतो म्हणे. खरे काय?”

प्रश्न एक वाटला तरी त्यात दोन होते: महागडा ॲम्प, म्हणजे हेडफोनकडे जाणारा विजेचा सिग्नल वाढवणारी पेटी, घ्यावा का, आणि तो ‘बर्न-इन’ करावा, म्हणजे आधी तास न् तास वाजवून मुरवावा लागतो का. दोन्ही समजुतींच्या मुळाशी एकेकाळी अगदी खरे कारण होते. ते कारण आज आपल्या घरात उरले आहे का, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

हेडफोन आधी आला, त्याचा ॲम्प फार नंतर. १९१० साली अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथॅनियल बाल्डविन यांनी आपल्या स्वयंपाकघरात बनवलेले हेडफोन अमेरिकन आरमाराने घेतले, ते बिनतारी संदेश ऐकण्यासाठी. त्या काळच्या क्रिस्टल रेडिओला स्वतःची वीजच नसे. एरियलमधून येईल तेवढ्यावर भागवायचे. म्हणून हेडफोनमध्ये केसासारख्या तारेचे हजारो वेढे असत आणि त्याचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, काही हजार ओहम भरे. १९३७ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने डीटी ४८ आणला. त्यात छोट्या लाऊडस्पीकरसारखी हलणारी कॉइल होती, आणि आजचे बहुतेक हेडफोन त्याच तत्त्वावर चालतात. मौजेने गाणे ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन मात्र १९५८ चा. अमेरिकेतल्या मिलवॉकीचे जॉन कॉस हे इस्पितळांना टीव्ही भाड्याने देणारे गृहस्थ. त्यांनी एक सुटसुटीत रेकॉर्ड प्लेअर प्रदर्शनात मांडला आणि सोबत हेडफोन ठेवला. लोकांना प्लेअरपेक्षा हेडफोनच आवडला.

गोव्यात ही यंत्रे बोटीने आली. पोर्तुगीज अमदानीत परदेशी रेडिओ आणि ग्रामोफोन इथे सहज मिळत. मुक्तीनंतर तारवट्यांनी, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांनी, आणि आखातात गेलेल्यांनी ती वाट चालू ठेवली. जपानी रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आणि ॲम्प एकत्र असलेली पेटी, त्याच्या दोन बाजूंना स्पीकर आणि पुढच्या पट्टीवर हेडफोनचे जाड भोक, हे दृश्य सत्तर-ऐंशीच्या दशकांत वाढलेल्या पुष्कळांच्या ओळखीचे असेल. पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली त्या भोकामागे आहे.

रिसीव्हरमध्ये हेडफोनसाठी वेगळी सर्किट क्वचितच असे. स्पीकरकडे जाणारीच वीज शे-चारशे ओहमच्या रेझिस्टरमधून, म्हणजे वीज अडवणाऱ्या सुट्या भागातून, गाळून त्या भोकात सोडलेली असायची. स्वस्त आणि सुरक्षित उपाय. तेव्हाचे पुष्कळ हेडफोनही ३००, ६०० ओहमचे असत. सेनहायझरचा १९६८ चा गाजलेला एचडी ४१४ तर २००० ओहमचा. त्यांना या रेझिस्टरचा त्रास होत नसे. १९९६ च्या आंतरराष्ट्रीय मानकातही हेडफोनच्या आउटपुटला १२० ओहम असावेत अशीच शिफारस होती.

पण दरम्यान १ जुलै १९७९ ला सोनीचा वॉकमन बाजारात आला होता. दोन पेन्सिल सेल, म्हणजे एकूण ३ व्होल्ट. एवढ्या व्होल्टेजवर मोठा आवाज हवा तर हेडफोन कमी ओहमचाच लागणार. ३२ ओहमचे हेडफोन सर्वत्र पसरले आणि तेच लोक घरच्या रिसीव्हरला लावू लागले. इथे काय बिघडते ते आकड्यांत पाहणे सोपे. समजा एका हेडफोनचा इम्पिडन्स एरवी ३२ ओहम आहे, पण खर्जात जिथे त्याचा पडदा स्वतःहून घुमतो तिथे तो १०० वर जातो. मागे १२० ओहमचा स्रोत असेल, म्हणजे हेडफोन लावतो त्या भोकामागेच १२० ओहमचा अडथळा (आउटपुट इम्पिडन्स) असेल, तर खर्जाच्या त्या भागाला बाकीच्यापेक्षा सुमारे ७ डेसिबल जास्त मिळतात. तबल्याचा डग्गा फुगतो, तंबोरा गढूळ होतो. स्रोत १ ओहमचा असेल तर हाच फरक ०.२ डेसिबलच्याही आत राहतो. यात भ्रम काही नाही, हा ओहमचा नियम आहे. ज्यांनी त्या काळात वेगळा ॲम्प लावून “आवाज स्वच्छ झाला” म्हटले, त्यांनी खरेच तसे ऐकले होते.

उलट बाजूची अडचणही तितकीच खरी. स्टुडिओसाठी बनलेला ३०० किंवा ६०० ओहमचा हेडफोन सेलवर चालणाऱ्या प्लेअरला लावला की आवाज दबका येई. ही फट भरून काढायला १९९० च्या दशकात अमेरिकेत फक्त हेडफोनसाठी ॲम्प बनवणारे छोटे उद्योग उभे राहिले. त्याच दशकाच्या शेवटी पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत मावणारा, एका ऑप-ॲम्पवर, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या चिपवर, आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा ‘सीमॉय’ ॲम्प हौशी लोकांनी घरोघरी सोल्डर केला. मला हा सगळ्या गोष्टीतला सर्वांत सुंदर टप्पा वाटतो. गरज नेमकी ओळखली होती आणि उत्तर खिशाला परवडणारे होते.

एका जातीच्या हेडफोनला मात्र खास ॲम्प पहिल्यापासून अटळच आहे. जपानच्या स्टॅक्सने १९६० मध्ये इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन काढला. त्यात कॉइल नसते. दोन जाळ्यांमध्ये ताणलेला अतिपातळ पडदा उच्च व्होल्टेजवर हलतो. स्टॅक्सच्या आताच्या हेडफोनना ५८० व्होल्टचा बायस, म्हणजे पडद्यावर कायम ठेवलेला विजेचा दाब, लागतो. तो फोनच्या भोकातून येणे शक्यच नाही. सेनहायझरने १९९१ मध्ये व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्यांच्या, ॲम्पसह ‘ऑर्फियस’ काढला, फक्त ३०० संच. २०१५ मध्ये जाहीर झालेला त्याचा वारस संगमरवरी बैठकीवर उभा असतो आणि जाहीर होताना त्याची किंमत ५०,००० युरोंच्या घरात होती. या शिखराकडे पाहूनच खालच्या बाजाराची कल्पना घडली. इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनला जी अपरिहार्यता होती, ती साध्या हेडफोनच्या ॲम्पलाही चिकटवली गेली.

खरे तर तोवर तंत्र पुष्कळ पुढे गेले होते. २०११ मध्ये एका निनावी इंजिनिअरने ‘ओ-टू’ नावाच्या ॲम्पचा पूर्ण नकाशा सर्वांसाठी खुला केला. साधे, कुठेही मिळणारे सुटे भाग वापरून, मोजमापे पुढ्यात ठेवून त्याने दाखवले की ऐकू येण्यासारखा दोष नसलेला ॲम्प बनवायला मोठी रक्कम लागत नाही. पुढच्याच वर्षी त्याने लिहिणे थांबवले, पण नकाशा राहिला. २०१६ मध्ये ॲपलने फोनमधले भोक काढून टाकले आणि ९ डॉलरचा छोटा अडॅप्टर दिला. नंतर त्याचीच यूएसबी-सी आवृत्ती आली. अमेरिकेत विकली जाणारी ती आवृत्ती सुमारे १ व्होल्ट देते आणि तिचा आउटपुट इम्पिडन्स जेमतेम १ ओहमच्या आसपास असतो. रिसीव्हरच्या भोकामागचा तो जुना आजार बोटभर वायरीत संपला.

मग दोन पगारांच्या पेटीत काय मिळते? जाड ॲल्युमिनियमची घडण, चांगला ट्रान्सफॉर्मर, जास्त जोडण्या, हलक्या आवाजातही डावे-उजवे समतोल ठेवणारा व्हॉल्यूम, थोड्याच नगांचे उत्पादन आणि पाठीशी सर्व्हिस. यातले व्हॉल्यूमचे काम मी मोलाचे मानतो. स्वस्त ॲम्पमध्ये नॉब अगदी खाली असताना एक कान मागे पडतो. व्हॉल्व्हचा ॲम्प कधी कधी खरोखर वेगळा वाजतो, कारण त्याचा आउटपुट इम्पिडन्स बऱ्याचदा जास्त असतो आणि तो आवाजात स्वतःचे थोडे मिसळतो. ते आवडले तर जरूर घ्यावे. पण आवाजाच्या शुद्धतेसाठी पैसे मोजतोय असे समजून घेऊ नये.

“कानाला तर फरक कळतो ना,” असे यावर नेहमी म्हटले जाते. हा वादही जुना. १९७८ मध्ये ब्रिटनच्या क्वाड कंपनीच्या एका व्हॉल्व्ह आणि दोन ट्रान्झिस्टर ॲम्पची आंधळी तुलना, म्हणजे कोणता वाजतोय हे न सांगता, झाली, आणि ऐकणाऱ्यांना ते खात्रीने ओळखता आले नाहीत. १९८२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी एबीएक्स पद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला. अ ऐकायचा, ब ऐकायचा, मग क्ष कोणता ते सांगायचे. १६ पैकी १२ वेळा बरोबर आले तर ते नुसत्या नशिबाने घडण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. यात एकच अट पाळायची: दोन्हींचा आवाज मल्टिमीटरने मोजून सारखा करायचा, ०.१ डेसिबलपर्यंत. जरासा मोठा आवाज कानाला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. दुकानात दोन ॲम्प आलटून पालटून ऐकवले जातात तेव्हा नेमके हेच मोजायचे राहून जाते.

आता बर्न-इन. हा शब्द संगीतातून आलेला नाही, तो लष्करी इलेक्ट्रॉनिक्समधून आला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन लष्कराची उपकरणे इतकी नादुरुस्त होत की १९५२ मध्ये विश्वासार्हतेवर खास सल्लागार गट नेमावा लागला. सुटे भाग बिघडायचे तर बरेचसे अगदी सुरुवातीला बिघडतात, हे अभियंत्यांच्या ध्यानात आले होते. म्हणून कारखान्यातच त्यांना तापवून तास न् तास चालवायचे, कच्चे असतील ते तिथेच मरू द्यायचे आणि उरलेले पाठवायचे. अमेरिकन लष्कराच्या मिल-स्टँडर्ड ८८३ या मानकामध्ये हीच चाचणी १२५ अंश सेल्सिअसला १६० तासांची आहे. तिचा हेतू भाग सुधारणे नव्हता, निवडणे होता. तांदूळ पाखडल्याने दाणा गोड होत नाही, खडे जातात.

शब्द हौशी लोकांकडे आला तेव्हा अर्थ बदलला. चाळणीचे ‘मुरवणे’ झाले. आपल्याला मुरणे लगेच पटते, कारण लोणचे मुरते, आणि नवा तंबोरा वाजता वाजता खुलतो असे गवई सांगतात. घुमट शेकल्याशिवाय बोलत नाही हे तर चवथीला घरातली पोरेही जाणतात. पण कातडे पावसाळी हवेत ओल धरते आणि सैल पडते, उष्णतेने ते पुन्हा ताणले जाते. सर्किटमध्ये असे कातडे कुठे आहे, हा प्रश्न विचारायला हवा.

थोडेफार आहे, ते प्रामाणिकपणे सांगतो. लाऊडस्पीकरच्या कोनाला धरणारी कापडी जाळी सुरुवातीच्या वापरात किंचित सैल होते. वर्षानुवर्षे बंद पडलेल्या ॲम्पमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा (वीज साठवणाऱ्या भागाचा) ऑक्साइडचा थर वीज मिळाल्यावर पुन्हा नीट बसतो. व्हॉल्व्ह किंवा क्लास ए (आवाज नसतानाही सतत वीज खेचणारा) ॲम्प चालू केल्यावर गरम होऊन स्थिर व्हायला काही मिनिटे घेतो, कधी अर्धा तास. पण हे रोजचे तापणे झाले. बंद केला की पुन्हा पहिल्यासारखा. २०० तासांनी ट्रान्झिस्टर ॲम्पचा आवाज उघडावा असे त्यात काहीही बदलत नाही. हेडफोनच्या बाबतीत तर कानावर ठेवताना तो अर्धा सेंटीमीटर सरकला तरी खर्जात बर्न-इनपेक्षा मोठा फरक पडतो, आणि कानाची गादी दबली की आणखी.

बदलतो तो आपला कान. नव्या आवाजाची सवय होते आणि सुरुवातीला खुपलेले खुपेनासे होते. हा अनुभव खरा आहे, फक्त तो यंत्रात शोधू नये. रोज दोन तास ऐकणाऱ्याला २०० तास म्हणजे १०० दिवस. तोवर माल परत करण्याची मुदत कधीच संपलेली असते, आणि पगारदार मुलाच्या बाबतीत ही गोष्ट मला सर्वांत जास्त सलते.

भाच्याचा हेडफोन ३०० ओहमचा निघाला. खोक्यावर १ मिलिवॉटला १०० डेसिबल असे लिहिले होते. आम्ही कागदावर हिशेब केला. १ व्होल्टच्या अडॅप्टरवर तो १०५ डेसिबलपर्यंत जातो, २ व्होल्ट देणाऱ्या साध्या ॲम्पवर १११ पर्यंत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगते. ऐकण्याला पुरून वर भरपूर उरते. हळू ध्वनिमुद्रित केलेल्या मैफलींसाठी २ व्होल्टचा साधा ॲम्प बरा.

मग त्याला केरी गावच्या गायिका सूरश्री केसरबाईंची भैरवी लावून दिली. ‘जात कहाँ हो’, जी १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांच्या सोनेरी तबकडीवर अवकाशात गेली. त्या काळच्या ध्वनिमुद्रणाची खरखर कुठल्याही ॲम्पच्या खरखरीपेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि तिच्यातूनही त्यांचा ‘आ’कार जसाच्या तसा पोचतो. साडेतीन मिनिटे तो हलला नाही. संपल्यावर त्याने वायरीची पिन काढून पाहिली. पावसाळी हवेत तिच्यावर काळपट डाग धरला होता. मऊ कापडाने पुसून परत लावली आणि तीच भैरवी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.